सुकन्याची चाकं

उदगीरच्या बाजारात मृत्युंजयचं भांड्यांचं दुकान. माणूस गोड बोलणारा, पण एक सल त्याच्या काळजात रुतून बसला होता. सोळाव्या वर्षी तो नांदेडला कबड्डीच्या शिबिराला गेला आणि तिसऱ्याच दिवशी परत आला. "लई उशिरा आलास बाबा," एवढंच तिथल्या सरांनी सांगितलं होतं. पुढं लग्न झालं, लेक झाली, आणि त्यानं मनाशी ठरवून टाकलं की आपल्या लेकराला कुणी उशीर झाला म्हणणार नाही.

सुकन्याला चौथं लागलं आणि तो तिला शाळेच्या मैदानावर घेऊन गेला. सिंधुताई तिथं पोरींना खो-खो शिकवायच्या. त्यांनी सुकन्याच्या गालाला हात लावला.

"भाऊ, लई लहान हाय ही. आठ-नऊची होऊ द्या. तोवर पळू द्या, मातीत लोळू द्या. तेच शिक्षण."

मृत्युंजयला ते झोंबलं. लातूरला चाकांच्या बुटांवर पोरांना पळवणारा एक वर्ग होता, तिथं वय कुणी विचारत नव्हतं. दर रविवारी पहाटे तो झोपेतल्या लेकीला उचलून गाडीत घालायचा. बायको शिवकांता दारात आडवी यायची.

"अहो, तिला शू सांगता येईना नीट, आन् तुम्ही..."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

पहिल्या महिन्यात सुकन्या रडायची, गुडघे धरून बसायची. एकदा तो म्हणाला, "रडलीस तर इथंच सोडून जाईन." आणि खरंच भिंतीआड जाऊन उभा राहिला. लेकरानं चहूकडं पाहिलं, "अप्पा, अप्पा" करून घसा फोडला आणि मग एकदम गप्प झालं. भिंतीआडून बघताना मृत्युंजयला समाधान वाटलं. जमलं म्हणायचं!

लातूरच्या स्पर्धेत ती सगळ्यांत लहान होती. लोक कौतुकानं मोबाईल धरून उभे होते. दुसऱ्याच वळणावर मागून आलेलं एक थोराड पोर तिच्या अंगावर आदळलं. सुकन्या कोपरावर पडली.

"ऊठ!" मृत्युंजय दोरीपलीकडून ओरडला. "ऊठ, सुकन्या!"

ती उठली. डावा हात लोंबत होता, तोंड पांढरंफटक पडलं होतं, तरी तिनं फेरी पुरी केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या बापानंच वाजवल्या. सगळ्यांत लहान म्हणून तिला मिळालेल्या ढालीसोबत फोटो काढायचा म्हणून त्यानं तोच हात धरून वर केला, तेव्हा लेकरू शुद्ध हरपून खाली कोसळलं.

डॉक्टरनं हाड बसवलं, पण सांगायचं ते सांगितलंच. मोडलंय ते वाढीच्या जागी. वय वाढेल तसा हात वाकडा होत जाईल.

तसंच झालं. सुकन्या नऊ वर्षांची झाली तेव्हा शाळेतल्या पोरी तिला 'वाकडी' म्हणत. खो-खोच्या तासाला ती भिंतीशी बसून बाकीच्यांच्या चपला राखायची. एक दिवस मृत्युंजय तिला न्यायला गेला, तर सिंधुताई जवळ आल्या. पोरीकडं बघत हळूच म्हणाल्या, "पाय लई हलके हायत हिचे. यंदा घेतलं असतं मी हिला. पडली तर हात टेकता यायला पाहिजे, म्हणून भ्याव वाटतं."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यानं लेकीला जवळ बोलावलं. ती तत्काळ आली आणि शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिली. त्यानं तिच्या कोपरावर हात ठेवला. ती आक्रसली, पण हलली नाही.

"दुखतंय का गं अजून?"

सुकन्यानं आधी बापाच्या तोंडाकडं पाहिलं. कोणतं उत्तर दिलं म्हणजे बरं, ते तिथं शोधलं.

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. "जाऊ मी?"