डोक्याकडची गाठ

उतरत्या दुपारची झोप बरी नाही, असं अम्मा म्हणायच्या. तहसीनला नेमकी तीच येतेय.

तान्ही उमैमा कुशीत आहे, दूध पिऊन सुस्तावलेली. पंखा कुरकुरतोय. तहसीनच्या एका कानात अजून इअरफोन अडकलेला. मोबाइलवरचा पिक्चर मघाशीच दुसऱ्यांदा बघून संपलाय, तरी त्यातली बाई कुठेतरी हुंदके देतेच आहे.

पिक्चर इंडोनेशियाचा. गोऱ्यांच्या भुतांना तहसीन हसते, कारण ती भुतं आपली नाहीत. पण या पिक्चरमध्ये सगळं घरचंच निघतं. मय्यतीला तोच कापूर, ओठांवर तेच ‘इन्ना लिल्लाह’, कबरीत, माती लोटण्याआधी, तशाच तिरक्या लावलेल्या फळ्या. आणि त्यात एक मेलेला माणूस परत येतो, कारण कबरीत उतरवल्यावर त्याच्या कफनच्या गाठी सोडायला लोक विसरलेले असतात. पाय बांधलेले, म्हणून तो चालत नाही. उड्या मारत येतो.

अम्मा, तिच्या सासूबाई, गेल्या तेव्हा तहसीनचे दिवस भरत आलेले. तिला शेजारच्या घरी ठेवलं, तोंडसुद्धा बघू दिलं नाही. कब्रस्तानात बायका जात नाहीत. कबरीत उतरला होता तो इर्शाद, तिचा नवरा. तो आता कुवेतला. काल फोनवर तिने विचारलंच.

“गाठी सोडल्या होत्यात ना तुम्ही?”

“कसल्या गाठी?”

“अम्मांच्या. कफनच्या.”

“सोडल्या असतील गं. मी शुद्धीत होतो का तेव्हा? तू ते पिक्चर बघणं बंद कर बघू आधी.”

सोडल्या असतील! फोन ठेवून तहसीनने लेकीच्या गळ्यात तावीज बांधला. काळा नायलॉनचा दोरा, गाठीवर गाठ. सुटू नये म्हणून दोऱ्याची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवली. आता कापल्याशिवाय निघायचा नाही. मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

पंखा कुरकुरतोय. थप्प.

पडवीत कोणीतरी तांदळाचं पोतं टेकवावं तसा आवाज. पुन्हा थप्प. जरा जवळ.

अम्मा दारात उभ्या आहेत. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या, चेहरा तेवढा उघडा. तहसीनला नवल वाटत नाही.

“बसा ना, अम्मा.”

“बसू कशी? गुडघे वाकतायत कुठे?” अम्मा तशाच, पूर्वीसारख्या फणकारतात. “नात दाखव.”

“झोपलीय.”

“झोपलीय, की तुला तसं वाटतंय?”

मेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागायला लागलं की द्यायचं नाही, हे तहसीन लहानपणापासून ऐकत आलीय. ती उमैमाला छातीशी घट्ट धरते. स्वयंपाकघरात उभी आहे ती. ओट्यावरच्या डब्यांना रबरं लावलेली, दुधाच्या पिशवीलाही रबर.

“कॉलेजात जाऊन गाठी मारायचंच शिकलीस काय गं?” अम्मा म्हणतात. हा त्यांचा जुनाच टोमणा. पण आता हसताना त्यांच्या नाकातला कापूस हलतो.

ओट्याच्या वर छत नाही. तिरक्या फळ्या आहेत. फटींतून माती सांडते, डब्यांवर, उमैमाच्या केसांवर. वर पुरुषांची बोलणी चाललीत, घाईची. कोणीतरी रडतंय. इर्शादच.

“थांबा!” तहसीन ओरडते. “गाठी राहिल्यात! अम्मांच्या गाठी!”

“माझ्या नाही राहिल्या,” अम्मा अगदी कानाशी म्हणतात. “तो बघ वेडा, दातांनी सोडल्यान त्याने. रडत रडत.”

खरंच. डोक्याकडचं कापड मोकळं लोंबतंय.

“मग काय पाहिजे तुम्हाला?”

“हिची दे.”

“नाही.” तहसीन भिंतीला पाठ लावते. भिंत ओली, मातीची. “पाया पडते, अम्मा. माझं काय हवं ते न्या. हिचं काही मागू नका.”

“अगं, वस्तू कोण मागतंय? गाठ म्हणतेय मी, गाठ!”

कफनमधून हात बाहेर येतात, धुऊन पांढरे पडलेले. सरळ लेकीच्या गळ्याकडे जातात. तहसीन मनगट पकडते, ओढते, नखं रुतवते. हाताला मनगट लागतच नाही, नुसतं कापड. अम्मांचं तोंड उमैमाच्या मानेवर वाकतं. उघडतं. आत दात आहेत.

तहसीनच्या तोंडून आवाज फुटत नाही. फुटतो तो उमैमाचा.

आधी एक घुसमटलेली उचकी, मग खोकला, मग रडं. तहसीन ताडकन उठून बसते. पलंग, पंखा, खिडकीत कलतं ऊन. लेक तिच्या दंडावरून पार खाली घसरलेली, चेहरा जांभळट लाल. तिच्या गळ्याभोवती लाल वळ उठलाय, दोऱ्याएवढाच बारीक. तहसीनच्या कुर्त्याच्या बटनात तावीज अडकलाय. म्हणजे लेक घसरत होती आणि दोरा आवळत होता.

पण दोरा गळ्यात नाही.

तो बटनाला लोंबतोय, सरळ, अखंड. तुटलेला नाही, कापलेला नाही. वितळवलेली टोकं मण्यांसारखी जशीच्या तशी, आणि गाठी मात्र सगळ्या सुटलेल्या.

लेकीला खांद्यावर घेऊन तहसीन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहते. दार सताड उघडं आहे. त्या रिकाम्या दाराकडे बघून काहीतरी बोलायला हवं. या म्हणावं की जा म्हणावं, तिला ठरवता येत नाही.

लेकीचं रडं थांबल्यावर ती दोरा बटनातून काढते. गाठ होती तिथे तो चावलेला आहे, अजून ओला. ती नाकाशी नेते. अम्मांच्या चाळिसाव्यापासून घरात कापूर आणलेला नाही.