तीन गोंड्यांचा सर्व्हर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी टेबलावरच्या फोनवर भांडत होते. आमच्या दूध संघाच्या सर्व्हरला स्टोरेजचं तिसरं कपाट जोडायचं होतं, आणि ते विकणाऱ्या कंपनीचा माणूस मला सांगत होता, की तुमची आधीची दोन कपाटं दोन वेगळ्या कंपन्यांची आहेत, त्यांच्या शेजारी आमचं चाललं नाही तर आम्ही जबाबदार नाही. "मग पावणं, विकलं कशाला?" असं विचारून मी रिसीव्हर आदळला आणि मोबाइल उचलला. "सुनंदा, हे गेले गं..." एवढंच वहिनी बोलल्या. आदल्याच दिवशी अण्णा, वहिनींचे यजमान आणि माझे जुने साहेब, मला म्हणाले होते, "मंगळवारी येतो की. दुपारचं जेवून निघतो, दिवस हाय तवर जोडून टाकू." त्या मंगळवारी मीच हातकणंगल्याला गेले, त्यांच्या दारात बसायला. कपाट खोक्यातच राहिलं.

सुकुमारअण्णा शेतकरी जैन घरातले. इंजिनिअर होऊन ते संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख झाले, आणि मी त्यांच्या हाताखाली लागले. मी तापट. "तुझ्या डोक्यावर भाकरी भाजंल," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मग माझी बाजू घेऊन वरिष्ठांशी भांडायचे. त्यांचा एक नेम होता. सूर्यास्तानंतर ते जेवत नसत, आणि सूर्यास्तानंतर केबललाही हात लावत नसत. जगभर अशी कामं लोक झोपले की करतात. आमच्याकडे सकाळचं दूध संकलन उरकलं की संध्याकाळचं सुरू होईपर्यंत, भर दुपारी. "डोळ्याला दिसतंय तवर करायचं. चुकलं तर माणसं जागी असत्यात," हा त्यांचा खुलासा. मला तो आधी जुनाट वाटायचा.

दुसरं कपाट आलं त्या दिवसापासून वाटेनासा झाला. सर्व्हर म्हणजे सगळा हिशेब करणारं यंत्र, आणि ही कपाटं म्हणजे त्याची स्मरणशक्ती, डिस्कांनी भरलेली. गावोगावच्या संस्थांत कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं, फॅट किती लागलं, सगळं त्यात. जुनं कपाट भरत आलेलं, नवं दुसऱ्या कंपनीचं. एकाच सर्व्हरला दोन्ही जोडायची म्हटल्यावर दोन्ही कंपन्यांनी हात वर केले. अण्णा हसले. "एका गोठ्यात दोन बाजारची जनावरं बांधतोयच की आपण. दावं वेगळं, गव्हाण वेगळी. मग कशाला मारामाऱ्या करत्यात?" त्यांनी दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर बोलावले आणि सर्व्हरमध्ये प्रत्येक कपाटासाठी वेगळं कार्ड बसवून घेतलं. सर्व्हर आणि कपाटांच्या मधल्या स्विचमध्येही दोघांच्या वाटा अशा आखल्या, की एकाला दुसरं दिसू नये.

घोळ तरीही झालाच. प्रत्येक कपाटाकडे दोन वाटा असतात, एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून, आणि त्या सांभाळायला एक सॉफ्टवेअर लागतं. नव्या कंपनीच्या इंजिनिअरनं, अण्णा नको म्हणत असताना, सवयीनं आपल्या कंपनीचं टाकलं. त्या शहाण्या सॉफ्टवेअरनं जुन्या कपाटाच्या डिस्काही आपल्याच समजून ताब्यात घेतल्या. पडद्यावरून जुनं सगळं गायब! संध्याकाळचं संकलन तोंडावर आलेलं. दोघं इंजिनिअर एकमेकांकडे न बघता आपापल्या ऑफिसला फोन लावत होते, "त्यांचं काढा, मग आमचं चालेल" एवढंच दोघांचं पालुपद. मी ओरडायला तोंड उघडलं, तर अण्णांनी डबा उघडला. मला वाटलं, माणसाला वेडबिड लागलं की काय!

"दिवस कलायला लागलाय. भुकेलेल्या माणसाचं डोकं चालतंय व्हय? बसा," म्हणाले, आणि व्हरांड्यात सतरंजी टाकून दोघांना समोरासमोर बसवलं. भाकरी, दही, लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी. एका डब्यात जेवताना फोनवर किती वेळ बोलणार? जुन्या कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, "तुमचं सॉफ्टवेअर आमच्या डिस्का धरतंय बहुतेक." दुसऱ्यानं घास हातातच धरला आणि म्हणाला, "धरत असणार... काढू या का?" ते काढलं. ऑपरेटिंग सिस्टिमचं स्वतःचं, कुठल्याच कंपनीचं नसलेलं सॉफ्टवेअर दोन्ही कपाटांना लावलं, आणि जुन्या डिस्का जागेवर आल्या. पहिल्या गावाचं दूध पडद्यावर उमटलं तेव्हा व्हरांड्यात अजून ऊन होतं. मला रडूच आलं. अण्णा मात्र चटणी संपली म्हणून हळहळत होते.

दुसऱ्या दिवशी ते दोन गोंडे घेऊन आले. बेंदराच्या सणाला बैलाच्या शिंगाला बांधतात ते लोकरीचे, एक लाल आणि एक हिरवा. एसीच्या गारठ्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून पडतात, म्हणून जुन्या कपाटाच्या केबलींना लाल, नव्याच्या केबलींना हिरवा. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय?" अण्णा म्हणाले, "कुणाचं दावं कुणाला लागू नये म्हणून." साहेब जाताना मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेले.

अण्णा निवृत्त झाले तरी अडचण आली की यायचे, म्हणून मी कधी घाबरले नाही. आता घाबरले. खोकं महिनाभर तसंच होतं आणि जुनी दोन्ही कपाटं काठोकाठ भरत चालली होती. खरं सांगते, मला अण्णांचा रागच आला होता. मंगळवारी येतो म्हणाले आणि...

परवा वहिनींना भेटायला गेले, तर त्यांनी आतून एक पिवळा गोंडा आणून माझ्या हातात ठेवला. "बेंदराच्या बाजारातनं आणलेला. म्या म्हटलं, घरात आता बैल न्हाईत, ह्यो कशाला? तर म्हणाले, सुनंदाचं तिसरं येणार हाय. मला म्हणंल या, पण तिचं तिला जमतंय की." मी तो गोंडा पदराखाली धरून एसटीत बसले आणि रस्ताभर रडले.

काल दुपारी सकाळचं संकलन उरकल्यावर कपाट जोडलं. वेगळं कार्ड, वेगळ्या वाटा. तिसऱ्या कंपनीचा इंजिनिअर आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकायला बसला होता, त्याच्यापुढे मी आधी डबा ठेवला. जेवता जेवता त्यानं ते बाजूला ठेवलं. भांडले नाही. मग केबलींना पिवळा गोंडा बांधला, आणि पहिल्या गावाचं दूध पडद्यावर आल्यावर सवयीनं अण्णांचा नंबर लावला. लागल्यावर भानावर आले. फोन वहिनींनी उचलला.

"जोडलंस?"

"जोडलं, वहिनी."

"दिवस हाय अजून?"

मी व्हरांड्यात आले. उसाच्या शेतांवर ऊन तिरपं झालं होतं, पण होतं.

"हाय की," मी म्हटलं.

"मग जेवून घे," वहिनी म्हणाल्या. "मीबी बसते."