केरूच्या सासुरवाडीतला वर्ल्डकप

नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत राहणारा केरू सरकारी प्रसिद्धीच्या जीपवर सिनेमायंत्र चालवायचा. गावोगाव जायचं, दोन बांबूंना पडदा बांधायचा, कुटुंबनियोजन नाहीतर सुधारित बियाणं दाखवायचं आणि पडद्याची घडी घालून पुढच्या गावाला निघायचं. सगळ्या तालुक्याला हे काम पटलं होतं. पटलं नव्हतं ते एकट्या चिमाजी पहिलवानांना, आणि चिमाजी नेमके केरूचे सासरे होते.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला चांगुणा माहेरी गेली, ती संक्रांत उलटली तरी तिथंच. दर आठवड्याला केरू तिला आणायला जायचा आणि चिमाजीमामांचं एकच बोलणं ऐकून परत यायचा.

"चादरी बांधत हिंडतो, ह्याला काम म्हनत्यात व्हय? तमाशावालेबी कनात बांधत्यात, पर ते लोकांना हसवत्यात तरी. तुझी पिकावरची आळी बघून कोन हसनार?"

शेवटी मामाच म्हणाले, "आमच्या गावात दाखव एकदा. गाव खूश झालं, तर घेऊन जा चांगुणाला. नायतर पुन्हा हिकडं फिरकू नको."

केरूनं नशीब काढलं म्हणायचं. दोन महिन्यांपूर्वीच खात्याकडे क्रिकेटच्या वर्ल्डकपवरचा माहितीपट आला होता. आपला संघ विलायतेला निघाला तेव्हा कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं आणि तोच कप घेऊन आला, अशी दोन रिळांची गोष्ट. पहिल्या रिळात आपले फलंदाज एकशे त्र्याऐंशीत गारद, दुसऱ्यात वेस्ट इंडीजचा निकाल. केरूनं ती इतक्या गावांत दाखवली होती की झोपेत विचारलं तरी सांगितली असती.

मामांना मात्र तो कपच मान्य नव्हता. "रेडिओला काय, त्यो काय बी बोलतो. वेस्ट इंडीज म्हंजी दोन वेळचा हिंदकेसरी, त्यो असा कुनाच्या बी हातनं चीत होतो का? डोळ्यानं बघीन तवा खरं."

दिंडोरीकडच्या त्या गावात संध्याकाळची वीज नसायची, म्हणून खेळ दुपारचा ठरला. शाळेच्या खोलीत अंधार हवा, तर गावानं घराघरातल्या घोंगड्या आणून खिडक्यांना लावल्या. आत मेंढवाड्यासारखा वास सुटला, पण अंधार झकास झाला.

आता जावई पहिल्यांदाच यंत्र घेऊन दारी आलेला. पूजा नको? सासूबाई, सगुणाबाई, ताट घेऊन आल्या. यंत्राला हळदकुंकू झालं. मग त्यांनी रिळाचा डबा पाहिला.

"झाकन काढा की जावईबापू. पूजा काय झाकनाची करायची?"

केरूनं झाकण काढलं. तो "मामी, थांबा" म्हणेपर्यंत चिमाजींनी नारळ घेतला आणि पहिलवानी बुक्कीनं तिथल्या तिथं फोडला. गावानं वाहवा केली. नारळाचं सगळं पाणी रिळावर. बरं, रीळ कोणतं? दुसरं.

 बोलावं तर सासऱ्याचा भरगावात अपमान, न बोलावं तर खेळाचा बट्ट्याबोळ. त्यानं फडक्यानं टिपलं, देवाचं नाव घेतलं आणि पहिलं रीळ लावलं.

आपल्या विकेटी पडू लागल्या तसं गाव गंभीर झालं. एकशे त्र्याऐंशीला खेळ आटोपला.

"झालं," मामा अंधारातून म्हणाले. "मी म्हनलं नव्हतं?"

दुसरं रीळ चढवलं. पडद्यावर मैदान दिसलं, रीळ चिकटून थांबलं, दिव्याच्या धगीनं मैदानाच्या मधोमध एक तपकिरी फोड आला आणि पापडासारखा पसरला.

"काय झालं ओ जावई?"

केरूनं जळकं रीळ काढून घेतलं. यंत्राचा दिवा तसाच चालू ठेवला. पांढराफेक पडदा आणि समोर अख्खं गाव.

"मंडळी, फुडचा खेळ आपून हितंच करून दावायचा. खात्याची नवीन रीत हाय," तो म्हणाला आणि जीपचा ड्रायव्हर बहिरू याला हाताला धरून उजेडात ओढलं. "हा वेस्ट इंडीजचा लय मोठा फलंदाज. कुनाला भ्यायचा नाय. तोंडात च्युइंगम, सारखं तोंड चालवायचा."

बहिरूच्या तोंडात तंबाखू होतीच. हातात कुणीतरी कपडे धुवायचं धोपाटणं दिलं, चिंध्यांचा चेंडू झाला, आणि पडद्यावर दोघांच्या ताडमाड सावल्या नाचायला लागल्या. केरू धावून चेंडू टाकायचा, मधूनच हात वर करून पंच व्हायचा. गाव हसून लोळायला लागलं.

पण बहिरू रंगात आला. जन्मात पहिल्यांदा इतकी माणसं त्याच्याकडे बघत होती. तो औटच होईना.

"बहिरू, आता उंच मार," केरू दातओठ खात कुजबुजला. "हितं तू झेल देतोस."

"मी कशापायी देऊ? चांगला बसलाय हात."

"माझी बायको आडकलीय रं, भाड्या!"

बहिरूनं नाइलाजानं उंच मारला. केरू वर बघत उलटा धावत सुटला, बायकांतून, पोरांतून, एक घोंगडी ओढून पाडली, आणि चेंडू हातात धरून जो कोसळला तो थेट चिमाजींच्या मांडीवर.

"धरला," सासऱ्यांच्या मिठीतून तो म्हणाला.

"मीबी," मामा म्हणाले.

पुढच्या विकेटी गावानंच काढल्या. बहिरूला तीनदा तर नुसत्या आरडाओरड्यानं बाद केलं.

माणसं पांगल्यावर केरू आवराआवर करत होता. चिमाजी आले, डब्यात बोट घातलं, नाकाशी नेलं. वास नारळाचा होता.

"तवाच का नाय सांगितलंस?"

"पूजेचा नारळ, मामा. त्याला काय बोलायचं?"

"सायबाला काय सांगशील?"

"पानी पडलं म्हनून सांगीन."

"कुठलं पानी, इचारंल की."

"सासुरवाडीचं."

मामांच्या मिशा हलल्या. त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "चांगुणे, बोचकं बांध गं. जायचंय तुला."

उत्तर घरातून नव्हे, ते जीपच्या मागच्या फळीवरून आलं. चांगुणा ट्रंकेवर पाय ठेवून, डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"अगं, तू कवा बसलीस हितं?" मामांनी विचारलं.

"बहिरूभाऊ औट व्हईनात तवा," ती म्हणाली. "म्हनलं, ह्या खेळाचा निकाल कवा लागायचा? आपून आपलं बसून घ्यावं."