साक्षीचा घड

आमच्या घरात खोटं बोलायला कुणालाच नीट जमत नाही. तरीही त्या पौषात जवळजवळ तीन आठवडे घरातली तीन मोठी माणसं एका केळीच्या घडाशी लबाडी करत होती. चौथं माणूस म्हणजे माझे यजमान. त्यांनी लबाडी केली नाही, कारण घड जागेवरून हललाय हेच त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी धुळ्याची. लग्न होऊन चोपडा तालुक्यातल्या या केळीच्या गावात आले आणि इथल्या शाळेत भूगोल शिकवते. 'आगबोटींचे प्रयोग का फसले' हा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. समुद्रावर इंजिनं चालवून पाहिली, बॉयलर फुटत गेले, व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि जग पुन्हा शिडांकडे वळलं, असं ते साधं प्रकरण आहे. जमिनीवर रेल्वे विजेवर पळते, पोरांच्या खिशात मोबाइल असतात, पण पाण्यावर अजून वारा म्हणेल तेच खरं. दरवर्षी एखादा पोरगा विचारतोच, "मॅडम, आगबोटी जमल्या असत्या तर?" मी सांगते, तर तुझ्या बापाची केळी चार दिवसांत मस्कतला पोहोचली असती आणि तो वाऱ्यावर चिडायचा बंद झाला असता. वर्ग हसतो. वाऱ्यावर चिडणारा बाप प्रत्येकाच्याच घरी आहे.

माझी नणंद अशाच एका जहाजावर शिडं सांभाळायचं काम करते. समुद्रापासून इतक्या लांबच्या पोरीला हे कसं सुचलं, असं लोक विचारतात. मला विचाराल तर दोष माझ्या सासऱ्यांचा. आबांनीच तिला लहानपणी केळी बांधायला शिकवलं. घड लागलेलं झाड वाऱ्याने आडवं होऊ नये म्हणून आमच्याकडे त्याला दोरीने ताणून बांधतात. आबांची एक खास गाठ आहे, कितीही ताण आला तरी न सरकणारी. ती गाठ या पोरीला सातव्या वर्षी येत होती. बारावीनंतर ती मुंबईला जहाजाच्या शिक्षणाला गेली, तिथे पहिल्याच दिवशी तिची गाठ बघून तिला वर डोलकाठीवर चढवलं. आबा हे येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगतात आणि लगेच पुढे म्हणतात की पोरीचं वाटोळं झालं.

त्या वर्षी तिचं जहाज मोठ्या शर्यतीत उतरणार होतं. मुंबईहून मस्कत, देशोदेशींची शिडाची जहाजं. नियम असा की प्रत्येकाने आपल्या मुलखाचा माल न्यायचा आणि तो तिथे विकण्याजोगा उतरला पाहिजे, नाहीतर नंबर बाद. झांजिबारवाले लवंगा नेतात. पोर्तुगालवाले दारूची पिंपं नेतात. आमच्या जहाजात केळी. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो केळीवाला नव्हता एवढं नक्की.

निघण्याआधी ती दोन दिवस घरी आली आणि जेवताना तिने खरी गोष्ट सांगितली. शर्यत संपली की मस्कतमध्येच तिला दुसऱ्या जहाजावर घ्यायला तयार होते. आफ्रिकेला वळसा घालून पुढे कुठे कुठे, दोन वर्षांचा फेरा. आबांनी ताटावरून हात उचलला. "दोन वर्ष? नही," म्हणाले. सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, सगळ्यांनी डोळ्यांनी विचारलं. अक्का शांतपणे भाकरी वाढत म्हणाल्या, "जाऊ दे तिले."

दोन दिवस घर धुमसत राहिलं. शेवटी आबांनीच तोडगा काढला. जहाजावर चढणारी केळी आमच्याच कांदेबागेतली, म्हणजे कांद्याच्या हंगामात लावलेल्या बागेतली होती. त्याच दिवशी कापलेला एक घड घरी टांगायचा. जहाज मस्कतला लागल्याची बातमी येईल तेव्हा घरचा घड हिरवा असला तर तिने पुढे जावं. पिकला असला तर मुकाट्याने घरी यावं आणि पुन्हा दोन वर्षांचं नाव काढू नये.

"जहाजावरचीच केळी बघा ना," मी म्हटलं. "ती सांगेल फोनवर."

"पोर खोटं बोलस," आबा म्हणाले. "घड खोटं बोलत नही."

तिने हसत मान्य केलं. घड तिने स्वतःच मधल्या खोलीतल्या कडीला बांधला, आबांच्या गाठीने, आणि जळगावला गाडी पकडायला निघून गेली. जाताना मला म्हणाली, "वहिनी, लक्ष ठेव." मी लक्ष ठेवलं. तेच नडलं.

पाचव्या दिवशी शाळेतून आले तर घड मधल्या खोलीत नव्हता. तो मागच्या पडवीत होता, उत्तरेकडच्या गारव्यात, अंगावर ओलं पोतं. गाठ आबांची. संध्याकाळी आबा म्हणाले की मधल्या खोलीत पाहुणे आले की डोक्याला घड लागतो. आमच्याकडे महिनाभर पाहुणा फिरकला नव्हता.

दोन दिवसांनी घड स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या खुंटीला. पोतं गायब. यावेळची गाठ म्हणजे पोत्याचं तोंड आवळतात तशी, दोन वेढे आणि वर फास. ही गाठ मी रोज डाळीच्या पिशवीवर बघते. अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, पडवीत घडाला चरका बसेल. थंडीने केळीची साल काळी पडते त्याला आम्ही चरका म्हणतो. कारण पटण्यासारखं होतं. मला पटलं नाही.

मग हे रोजचंच झालं. आबा 'विहिरीवरची मोटार बघून येतो' म्हणून उठले की घड पडवीत जायचा, आणि ते खरोखरच मोटार बघायला गेले की चुलीपाशी परत यायचा. गाठीवरून मला कळायचं शेवटचा हात कुणाचा. ज्यांनी 'नही' म्हटलं ते पोतं ओलं करून घड हिरवा ठेवत होते आणि ज्यांनी 'जाऊ दे' म्हटलं त्या धूर देऊन तो पिकवत होत्या. दोघं जेवायला समोरासमोर बसायचे आणि घडाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

आबांचं आणखीच अवघड झालं होतं. जन्मभर वारा नको म्हणून देवाला हात जोडलेला माणूस. आता रेडिओवर सकाळी बातमी येई की अरबी समुद्रात वारा पडलाय, जहाजं जागच्या जागी उभी आहेत, आणि हे अंगणात ओलं बोट वर धरून उभे. शेजारचे नाना कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, आज वारा नही, चांगलं शे." आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की नाना दोन दिवस आमच्या कुंपणाला आले नाहीत.

पंधराव्या दिवशी मला घडाच्या मागे, दोन फण्यांच्या सांदीत, एक पिकलेली पपई सापडली. शेजारी पिकलेलं फळ ठेवलं की केळी लवकर पिकतात हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी पपई हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"अक्का, ही घडात कोणी ठेवली?"

अक्का पीठ मळत होत्या. "उंदीर लई ऊना व्हई," म्हणाल्या.

उंदराने आणली म्हणे! पपई दोन किलोची तरी असेल. मी हसायला लागले. अक्का हसल्या नाहीत. पिठात हात तसेच ठेवून म्हणाल्या, "बठ्ठा नही म्हने, म्हनीसन मी जा म्हनं. आनि ती खरंच चालनी."

सगळे नाही म्हणत होते म्हणून या जा म्हणाल्या होत्या, आणि पोर खरंच निघाली. माझं हसू तिथेच राहिलं. मला वाटत होतं या घरात पोरीच्या बाजूने अक्का आहेत आणि विरुद्ध आबा. आता कोण कुणाच्या बाजूने, हे मलाच सांगता येईना. मी पपई जिथून काढली तिथेच परत ठेवली. आणि खोटं कशाला बोलू, तिसऱ्याच दिवशी वरच्या फणीतलं पहिलं केळं पिवळं पडलेलं दिसलं तेव्हा ते मी कुणाच्या नकळत तोडलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. वर्षानुवर्षं मी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढते. समुद्र मात्र मी एकदाच पाहिलाय, सहलीत, गुडघ्यापर्यंत. या घरातलं कुणीतरी तो वळसा घालावा असं मला फार वाटत होतं.

पण एक केळं खाऊन घड हिरवा होत नसतो. विसाव्या दिवसापर्यंत वरच्या चार फण्या पिवळ्याधमक झाल्या आणि खालच्या रंग बदलू लागल्या. आबांनी शेवटचं पोतं ओलं केलं ते सवयीने. पपई जिंकली होती. घड आता पुन्हा मधल्या खोलीत, मूळच्या कडीला आला, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरभर त्याचा वास सुटला. तेव्हा माझे यजमान म्हणाले, "अरे, घड पिकला की."

बातमी एकविसाव्या दिवशी दुपारी आली. रेडिओने सांगितलं नाही, तिचाच फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा मधल्या खोलीत ठेवला. मागे बंदरावरचा गोंगाट होता. जहाज शेवटून तिसरं आलं होतं. तिला त्याचं काही नव्हतं. केळी हिरवी उतरली, सगळी, व्यापाऱ्याने मान डोलावली, असं ती एका दमात सांगून गेली. लवंगावाले पहिले आले म्हणाली. आबा म्हणाले, लवंगा काय, पुढच्या वर्षीही पोहोचल्या असत्या तरी चाललं असतं.

मग ती मुद्द्यावर आली. दुसऱ्या जहाजाचा माणूस शेजारीच उभा होता, त्याला संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. बंदरावर कुणीतरी ओरडत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"माय," ती म्हणाली, "घड कसा शे?"

आबांनी घडाकडे पाहिलं नाही, अक्कांकडे पाहिलं. मीही पाहिलं. घड अक्कांच्या डोक्यावर हातभर अंतरावर लटकत होता, पिवळाजर्द, एक केळं तर फुटायला आलेलं. अक्कांनी वर बघितलं. एवढ्या दिवसांच्या धुराचं आणि पपईचं फळ त्यांच्या हाताशी होतं. फक्त खरं बोलायचं होतं.

"हिरवा शे," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा हिरवा शे."

पलीकडून ती काय बोलली ते नीट कळलं नाही, हसत होती की काय. आबांनी तोंड फिरवलं आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. फोन बंद झाल्यावर माझ्या यजमानांनी घडाकडे बोट दाखवून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

घड उतरवायला अक्का उठल्या, पण गाठ त्यांना सुटेना. आबांनी ती एका हाताने सोडवली. अक्कांनी माझ्या हातात टोपली दिली आणि सांगितलं, गल्लीत वाटून ये. मी दारोदार गेले. घडाची पैज एव्हाना गल्लीभर झाली होती, जो तो विचारी, घडाचं काय झालं? मी पिकलेली केळी हातावर ठेवत सांगत गेले, हिरवा आहे, पोर पुढे निघाली. नानांनी केळं सोललं, साल उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हा, हिरवा शे." मग आणखी एक मागून घेतलं.

परत आले तेव्हा टोपलीत एकच केळं उरलं होतं. अक्का चुलीपुढे बसल्या होत्या, चूल पेटवलेली नव्हती. मी ते केळं त्यांना दिलं. त्यांनी सोललं, अर्धं मोडून मला दिलं आणि आपलं अर्धं सावकाश खाल्लं.

"गोड शे," म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या.