बाबांना कोरडं ठेवण्याचा खटाटोप

वडिलांच्या अस्थी पाण्यात सोडायला निघालो, तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार होता : बाबा भिजता कामा नयेत.

हसू नका, याला कारण आहे. आदल्या हंगामात सोयाबीनची गंजी मी झाकली होती आणि ती बुडापासून भिजली होती. (ताडपत्री उत्तम होती. मी तिचा उतार उलटा काढला होता.) तेव्हापासून बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या दिनूनं झाकलं म्हंजे समजा भिजलं!" मी चहाच्या कपावर बशी ठेवली तरी सांगत. सांगत सांगतच गेले.

त्यांची शेवटची इच्छा साधी होती. "मले माह्या वावरात नेऊन टाका." आता हे वावर म्हणजे आमचं जुनं शेत, आणि ते धरणाच्या पोटात! धरणाचं पाणी कालव्याने लांबच्या उसाला जातं. आम्हाला बदल्यात मिळालेल्या मुरमाड जमिनीकडे त्याचा शिंतोडाही येत नाही. बाबांचा त्या पाण्यावर असा राग, की त्यांनी त्यात कधी पाय घातला नाही, त्यातला मासा तोंडात घेतला नाही. आणि मी त्यांचा थोरला मुलगा, त्यांना त्याच पाण्यात सोडायला नेत होतो.

पण निदान तिथपर्यंत कोरडे नेऊ! मी अस्थींचं मडकं पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती युरियाच्या रिकाम्या पोत्यात. वरून सुतळीच्या गाठी, गाठींवर गाठी. सगळ्यावर ताडपत्री. मी, धाकटा भाऊ राजू आणि बाबांची बहीण सखूआत्या, असे तिघे किसनच्या डोंग्यात बसलो. किसन धरणात मासे धरतो. भाद्रपदाचे दिवस होते, वारा सुटला होता.

"भाऊ, लाटा येऊन राह्यल्या. उद्या जाऊ," किसन म्हणाला.

"आजच दहावा हाय," मी म्हणालो.

अर्ध्या वाटेत पहिली लाट आत आली आणि सरळ आत्याच्या मांडीवर बसली. दुसरी राजूच्या शर्टात. राजू ओरडला, "दादा, ताडपत्री आत्यावर टाक!"

"अन् बाबा?"

"बाबाले आता सर्दी होणार हाय काय!"

मी ऐकलं नाही. पोत्याला पोटाशी धरून ताडपत्री आणखी आवळली. राजू जेवणाच्या डब्याने पाणी उपसू लागला. (आधी त्यातलं बेसन पाण्यात टाकावं लागलं. ते मात्र विधिवत गेलं.) आत्या थरथरत म्हणाली, "माह्या लुगड्यातून धारा लागल्या, अन् हा मेलेल्याले पांघरूण घालते!"

एवढ्यात किसनने वल्हं थांबवलं. "इथंच. खाली तुमचं वावर."

खाली फक्त गढूळ पाणी होतं. आमची विहीर, आमचा बांध, सगळं तिथेच कुठेतरी. पण बघत बसायला वेळ कुठे होता! ताडपत्री सोडली तर वाऱ्याने ती फुगली आणि डोंगा गोल फिरायला लागला. मी घाईने तिच्यावर बसलो. मग गाठी. सुतळी भिजून अशी आवळली होती की नखं दुखायला लागली.

"विळा?" राजूने विचारलं.

"घरी."

"मंग दातानं तोड!"

दात लावले, तोंडात लाट आली. राजूचा धीर सुटला. "तसंच फेक पोत्यासकट!"

"आत हवा हाय, राजू. तरंगन थे."

बाबा युरियाच्या पोत्यात धरणभर फिरताहेत, हे चित्र आम्हा दोघांनाही दिसलं. किसनने काही न विचारता डोंगा वळवला. "मले घरी लेकरं हायत," एवढंच म्हणाला.

काठावर तिघेही निथळत उभे. पोतं उघडून पाहिलं नव्हतं, पण मला खात्री होती : बाबा कोरडे होते.

आत्या आधी हसली, मग रडायला लागली. "भावानं त्या पाण्याले कधी पाय नाई लावला. आता कायले जाईन थो? वैशाखात पाणी सरते, वावर उघडं पडते. दरसाल जाऊन उभा राहे एकटाच. तुमाले नाई बोलावलं त्यानं. आले असते का तुमी?"

राजू शर्ट पिळू लागला. मला वाईट वाटलं आणि संतापही आला, धरणाचा जास्त की स्वतःचा, ते कळलं नाही.

अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून वैशाखापर्यंत पोतं दारच्या निंबाला टांगलं. आठ महिने! सगळं गाव विचारी, "काहून दिनूभाऊ, बाबा इथंच?" मी म्हणायचो, "हाव."

वैशाखात आम्ही तिघे पायी गेलो. तडकलेली काळी जमीन, मध्ये आमच्या विहिरीचं तोंड. विळा नेला होता. (आत्याने तो माझ्या हाती दिला नाही.) मडक्यात थेंब नव्हता. खड्डा केला, अस्थी ठेवल्या, माती लोटली. वारा भणाणत होता. माती उडू नये म्हणून मी वर ताडपत्री अंथरली, उतार नीट पाहून, चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवून.

आत्या बघत राहिली. "बरं झाकलं रे दिनू."

उभ्या आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. मी छाती काढून घरी आलो. संध्याकाळी आभाळ फुटलं, वळवाचा पाऊस! अंगणात वर्षाची तुरीची डाळ वाळत पडलेली. राजू धावत ओरडला, "दादा, ताडपत्री कुठं हाय?"

ताडपत्री बाबांवर होती. आमची डाळ भिजली आणि बाबा पुन्हा कोरडेच राहिले.