तलावाच्या पाळीवरची हजेरी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते देपालपुरच्या सरकारी शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाईंचे. शाळा हिंदी, त्यामुळे वर्गात सगळ्यांबरोबर मीही त्यांना 'मॅडम' म्हणायचो. पण गावात मराठी घरं मोजकीच. त्यातलं एक त्यांचं, एक आमचं. म्हणून शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की त्या माझ्या 'बाई' व्हायच्या. माझे वडील धान्य मंडीत तोलाईचं काम करायचे. कॉलेजात नाव कसं घालतात हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई मला बसने इंदूरला घेऊन गेल्या, प्रवेशाच्या खिडकीसमोर रांगेत माझ्यामागे उभ्या राहिल्या, आणि परत येताना बसस्टँडवर कचोरी खाऊ घालून म्हणाल्या, "आता पुढचं तू पाहा."

बाईंची हजेरी घ्यायची रीत वेगळी होती. नाव पुकारल्यावर नुसतं 'उपस्थित' म्हणून चालत नसे. शाळेत येताना वाटेत काय पाहिलं, तेही एका वाक्यात सांगावं लागे. 'उपस्थित मॅडम, पुलिया के नीचे पानी सूख गया.' 'उपस्थित मॅडम, नीम पे नई पत्ती आई.' आमच्यातला एक जण आळशी होता. तो रोज म्हणायचा, 'उपस्थित मॅडम, मोर देखा.' शेवटी बाई त्याला म्हणाल्या, "उस मोर की भी हाजिरी लग रही है तेरे कारण. कल साथ ले आना." त्या रोजच्या एका वाक्यासाठी मी रस्त्याने बघत चालायला शिकलो. पुढे तेच माझ्या पोटापाण्याचं काम होईल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आता मी इंदूरला एका सरकारी प्रादेशिक विकास कार्यक्रमाच्या ऑफिसात आहे. रस्ते, तलाव, सामुदायिक भवनं अशी कामं सरकारी पैशातून होतात, आणि ती पर्यावरणाच्या दृष्टीने किती टिकली हे बघणं माझ्याकडे असतं. बाकीच्यांची कामं फीत कापली की संपतात. माझं काम त्यानंतर सुरू होतं. तलाव खोल केला, पण पुढच्या वर्षी त्यात पाणी राहिलं का? झाडं लावली, ती जगली का? मला हे काम फार आवडतं. परदेशीपुरा वस्तीतल्या खोलीतून सकाळी निघताना अजूनही वाटतं, की कुणीतरी मला रस्ता बघायचा पगार देतंय.

देपालपुरच्या तलावाचं काम आमच्याच कार्यक्रमातलं. गाळ काढला, पाळ बांधली, आणि पाळीची माती धरून राहावी म्हणून तिच्यावर रोपं लावली. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून एकेक रोप एकेकाच्या गळ्यात मारलं, स्वतःही एक बेल घेतला, आणि प्रत्येक रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण रचून घेतलं. त्या भागात बकऱ्यांपासून रोप वाचवायचं तर दुसरा उपाय नाही.

घोटाळा झाला तो आमच्या ऑफिसात. मोबाइलवर आलेल्या फोटोत रोप पूर्ण दिसलं पाहिजे, तरच ते जिवंत धरायचं, असा नियम होता. बाईंच्या पाळीवरच्या फोटोंत नुसते काटे दिसत होते. आमच्या इथून गावाला फोन गेला, की काटे हटवा आणि पुन्हा फोटो पाठवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्याचं टँकरचं पाणी मंजूर होणार नाही.

बाईंनी मला फोन केला.

"तुमच्या ऑफिसवाल्यांनी शेजारच्या गावालाही हेच सांगितलं होतं. त्यांनी काटे हटवले. फोटो एकदम झकास आले. आणि संध्याकाळपर्यंत बकऱ्यांची पार्टी झाली."

"आमच्याकडे त्या गावाला हिरवी खूण आहे, बाई."

"असणारच. फोटोत बकरी नव्हती ना." मग म्हणाल्या, "काटे काढले तर झाडं आज जातील. नाही काढले तर पाण्यावाचून पुढच्या उन्हाळ्यात जातील. तू सांग, काय करू?"

उत्तर स्वतःला ठाऊक नसलेला प्रश्न बाईंनी मला पहिल्यांदाच विचारला होता.

"काढू नका. मी येतो."

"तू एकटा नको येऊस. तू माझा विद्यार्थी. लोक म्हणतील, आपल्याच पोराला बोलावून घेतलं. तुझ्या साहेबांना घेऊन ये."

आमचे साहेब जुन्या इंदुरी मराठी घरातले. मनाने चांगले, पण उन्हाचा त्यांना भारी तिटकारा. इंदुरी रिवाजाने ते सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत. "भिया," ते म्हणाले, "फोटो मागवले ते कशासाठी? मला उन्हात जायला लागू नये म्हणून ना?"

"सर, फोटोत पौधा दिसत नाही म्हणजे तो नाही, असं कसं म्हणायचं? काट्यांच्या आत कुणी बघितलंच नाही."

"और अंदर कुछ नहीं निकला तो?"

"तर तसंच लिहू."

साहेबांनी पंख्याकडे एकदा प्रेमाने पाहिलं आणि गाडी मागवली.

आम्ही पोचलो तेव्हा पाळीवर काट्यांच्या प्रत्येक ढिगाशेजारी बाईंचा एकेक जुना, आता मोठा झालेला विद्यार्थी उभा होता. कुणी मंडीतला हम्माल, कुणी राशनच्या दुकानाचा मालक, एक आशा कार्यकर्ती. बाई छत्री घेऊन मधोमध. त्यांनी ना स्वागत केलं, ना भाषण. सरळ नावं पुकारायला लागल्या.

"उपस्थित मॅडम. जामुन है. ऊपर से सूखा, नीचे से फूट रहा है."

"उपस्थित मॅडम. करंज. एक डाली गई, बाकी मस्त."

पुढे राशनवाल्याची पाळी आली. चांगल्या झुपकेदार मिशा, सुटलेलं पोट. "उपस्थित मॅडम. शीशम. और मॅडम, मोर देखा."

सगळी पाळ हसली. बाई छत्रीआडून म्हणाल्या, "आया आखिर तेरा मोर?"

साहेब मात्र कुणाच्या शब्दावर थांबले नाहीत. प्रत्येक ढिगाशी गुडघ्यावर बसून, काठीने काटे बाजूला करून आत बघत गेले. सुरुवातीला रुमालाने घाम पुसत होते, नंतर तेही विसरले. "है भिया, है! इकडे ये, बघ, केवढुसं पान!" शर्टाची बाही फाटली, तरी पुढच्या ढिगाकडे निघाले.

शेवटी बाईंनी स्वतःचं नाव पुकारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "अनुपस्थित. बेल होता. मुळाला वाळवी लागली."

साहेबांनी वाकून खोडावरून बोट फिरवलं. "मॅडम, खाली कुठं ओलावा असेल तर आपण..."

"नाही हो. मी खरवडून पाहिलंय. गेलाय तो."

साहेबांनी तो गेलेलाच धरला. बाईंनी छत्री मिटून तिच्या टोकाने त्या आळ्यातली माती सारखी केली. मग सगळ्यांना म्हणाल्या, "चलो, चाय."

परत निघाल्यावर साहेबांनी गाडी शेजारच्या गावाकडे वळवायला लावली. तिथं ओळीने नुसते बुडखे होते. सरपंच घाबरून काहीतरी सांगू लागले, तेव्हा साहेबांनीच त्यांचा हात धरला. "तुमची काय गलती, भिया? हमने बोला, आपने किया."

पाण्याची मंजुरी आली त्या दिवशी मी बाईंना फोन न करता पत्र लिहिलं. ते असं:

उपस्थित, बाई.

आज ऑफिसला येताना पाहिलं, की आमच्या गल्लीत मिलच्या जुन्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळाखाली कुणीतरी विटा रचून आधार दिला आहे. भिंत पाडायची की झाड काढायचं, यावर तिथं रोज भांडण चालतं. तोवर झाड वाढतंय.

पाळीवरच्या झाडांचं पुढच्या उन्हाळ्याचं पाणी मंजूर झालं. फोनवर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून दिला असता, म्हणून लिहितो आहे. यापुढे फोटोसाठी काटे काढायचे नाहीत. रोप दिसत नसेल तिथं ऑफिसच्या माणसाने जाऊन बघायचं, असं साहेबांनी सगळीकडे कळवलं आहे. तिथली चूक ऑफिसची होती, म्हणून शेजारच्या गावाला नवी रोपं मिळतील. साहेब फाटकी बाही सगळ्यांना दाखवत फिरतात.

आपल्या गावात जी रोपं गेली, त्यांच्या जागी नवी लावायची तरतूद मात्र नाही. मी विचारलं, नियमात बसत नाही. त्यामुळे तुमचं आळं रिकामं राहिलं असतं. नर्सरीतून एक बेल आणून मी खोलीबाहेर ठेवला आहे. पावसाळा लागला की मांडीवर घेऊन बसने येतो. वाळवीसाठी निंबोळीची पेंडही आणतो. हे सरकारी काम नाही, तेव्हा मी एकटा आलो तरी कुणी काही म्हणणार नाही.

त्या खिडकीच्या रांगेत मी मागे वळून पाहिलं नव्हतं. तुम्ही आहात हे ठाऊक होतं. तुम्ही म्हणाला होतात, आता पुढचं तू पाहा. पाहतो आहे, बाई.

काटे तेवढे तुम्ही आणून ठेवा. ते घेऊन मला बसमध्ये कुणी चढू देणार नाही.