कुळगावात ऐकू आलेली हाक

भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी उलटतपासणीच घ्यायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण झालं ते असं झालं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी उल्हासनगरच्या कॉलेजात झूलॉजी शिकत होते. घर बदलापूरला, कुळगावात. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि आईने कुंपणातल्या कळलावीच्या वेलीचा कंद उकरला. अडलेल्या बाईच्या पायाला तो बांधायचा आणि मूल आलं की लगेच सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत.

"आई, विषारी आहे तो!"

"बांधायचाय, खायला नाय घालत. सुईण म्हणते पहिलटकरीण हाय, वेळ लागंल. तू जा कालेजात, इथं लुडबुड नको."

अर्धा कंद मीही डब्यात टाकला. त्यातलं विष मला प्रॅक्टिकलला हवंच होतं.

माशाच्या खवल्यात काळ्या पेशी असतात. त्यांच्यात रंगाचे कण बारीक नळ्यांच्या वाटेने ये-जा करतात. कणाला नळीशी जोडून पुढे नेणारी प्रथिनं असतात — हमालच म्हणा ना. अ‍ॅड्रेनॅलिनचा थेंब टाकला की हे हमाल सगळे कण मधोमध आणून ठेवतात. कळलावीचं विष त्या नळ्याच मोडतं.

खवला कंदाच्या रसात भिजवला, मग थेंब टाकला. कण जरासे सरकले आणि अडकले. धड मध्यात नाहीत, धड कडेला नाहीत. जागच्या जागी नुसते थरथरत होते.

आणि मला ताईची आठवण झाली. त्याच क्षणी माझा डोळा मायक्रोस्कोपवरून हलेना. हात टेबलाला खिळलेले, श्वास अर्ध्यावर. पायाला बांधलेल्या कंदाने काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी जीव तोडून एकच ओरडायचं होतं — आई, सोड तो! पण आवाज फुटेना. शेजारी मैत्रीण आकृती काढत होती, तिला काही पत्ताच नाही. मी भयंकर घाबरले.

मग कण हलले. सगळे एकदम, सरळ मध्याकडे. रस मी धुतलाही नव्हता, हे होणं शक्यच नव्हतं! माझा श्वास मोकळा झाला आणि मी सगळं तिथेच टाकून घरी पळाले.

ताईच्या कुशीत मुलगी होती. आई दारातच माझ्यावर भडकली.

"कुठं गेलीस गं? दारातनं 'आई, सोड तो' म्हणून किंचाळलीस नि गायब! मी भिऊन सोडला. सुईण मला बोलली पण, पोर यायच्या आधी सोडतात काय? पोर अडकली होती गं... सोडला नि आली."

"आई, मी कॉलेजात होते."

"मग तुझ्या ताईनं पण कसं ऐकलं?"

तेच प्रॅक्टिकल मी नंतर कितीदा केलं. रसात भिजवलं की कण अडकतात ते अडकतातच. भाची आज स्वतः आई झाली आहे. पण माझ्या घशातच अडकलेली ती हाक कुळगावात कुणी नेली, ते मला अजून कळलेलं नाही.